देवाच्या कानावर

नेब्रे हा चित्रकार. सुमारे तीन हजार दोनशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये, नाईलच्या पश्चिमेला देर अल-मदिना या कारागिरांच्या वस्तीत राहायचा. राजांची थडगी खोदणं, रंगवणं हेच त्या वस्तीचं पोट. नेब्रेचा मुलगा नख्तामुन एकदा मरणाच्या दारात पोचला. बापानं आमुन देवाला नवस केला: पोराला वाचव, तुझ्या नावाची शिळा उभारीन. पोरगा उठला, बापानं शब्द पाळला. ती शिळा आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. वर आमुन आसनावर बसलाय, समोर नेब्रे गुडघे टेकून, दोन्ही हात उचलून. मजकुराचा आशय असा, की चुकणं हा माणसाचा स्वभाव आणि क्षमा करणं हा देवाचा. त्याचा राग दिवसभरसुद्धा टिकत नाही.

आमुन म्हणजे वेशीवरचा छोटा देव नव्हे. सगळ्या सृष्टीचा कर्ता, देवांचा राजा. राजे लढाया जिंकून आले की त्याच्या पायाशी लूट ओतत. कर्नाकच्या त्याच्या अवाढव्य देवळात गाभाऱ्यापर्यंत जाण्याचा मान राजाला आणि पुजाऱ्यांनाच. साध्या माणसांसाठी देवळाच्या मागच्या, पूर्वेकडच्या अंगाला वेगळी जागा होती. रामसेस दुसऱ्यानं तिथे ‘प्रार्थना ऐकणाऱ्या आमुन’चं देऊळ बांधलं. लोक तिथे येऊन आपलं गाऱ्हाणं घालत. मेम्फिसला प्ताह या दुसऱ्या निर्मात्या देवासाठी लोक दगडावर नुसते कान कोरून वाहत. चेहरा नाही, मूर्ती नाही. ओळीनं कोरलेले कान. इजिप्तच्या पिरॅमिडांपेक्षा हे कान मला फार मोठे वाटतात.

या कानांचा अर्थ समजायला आमच्या माणदेशात लांब जावं लागत नाही. सातारा जिल्ह्यातलं म्हसवड माणगंगेच्या काठावर, तिथे सिद्धनाथ. सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीलाही तोच नाथ. आख्यायिका सांगते, की खरसुंडीचा एक गवळी म्हसवडची वारी करायचा. म्हातारपणी पाय थकले, वारी होईना, तेव्हा नाथच त्याच्यासाठी खरसुंडीला आला. सिद्धनाथानं जग घडवलं असं त्याचे भक्त म्हणत नाहीत. तो शिवाचं रूप, नवसाला पावणारा, हाकेला धावणारा. पण थकलेल्या माणसासाठी जागा सोडून निघणारा देव आणि भिंतीबाहेरच्या लोकांचं ऐकणारा आमुन, या दोघांचं नातं मला अगदी जवळचं वाटतं. करुणा गाभाऱ्यात बसून होत नाही. कुणाला तरी उठून यावं लागतं.

खरसुंडीची यात्रा म्हणजे खिलार जनावरांचाही बाजार. पांढऱ्याशुभ्र खोंडाच्या कपाळावर गुलाल, शिंगांना गोंडे, आणि दावं धरून उभा असलेला मालक. ‘नाथबाबाच्या नावानं चांगभलं’ची आरोळी उठली की हात आधी जनावराच्या पाठीवर जातो, मग कपाळाशी. इजिप्तमध्ये राजा मेरिकारेला केलेला एक जुना उपदेश सापडला आहे. त्यात माणसांना देवाची गुरं म्हटलंय. देवानं त्यांच्यासाठी आकाश आणि पृथ्वी केली, त्यांच्या नाकात श्वास घातला, आणि ती रडली की तो ऐकतो. हा उपदेश राजासाठी लिहिला असेल, पण त्याचं मर्म दावं धरून उभ्या असलेल्या त्या मालकाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. ज्यानं चोच दिली तो चारा देईल, असं आपण म्हणतो, त्यातही हीच अपेक्षा आहे. जन्माला घातलंस, आता सांभाळणं तुझ्याकडे.

मात्र चारा आकाशातून पडत नाही, हे माणदेश जाणतो. 2019च्या दुष्काळात म्हसवडला चारा छावणी उभी राहिली. हजारो जनावरं आली आणि त्यांच्यामागे घरंदारं सोडून माणसंही आली. पाणी, ऊस, पेंड माणसांनीच पोचवली. त्या छावणीत देव कुठे होता, असं कुणी विचारलं तर मी पाण्याच्या टँकरकडे बोट दाखवीन. नेब्रेचं गाऱ्हाणं आमुननं ऐकलं असेल; म्हसवडच्या गुरांचं हंबरणं शेजारच्या माणसांनी ऐकलं. माझी श्रद्धा या दोन्ही ऐकण्यांवर आहे, आणि दुसऱ्यावर थोडी अधिकच.

चैत्रात खरसुंडीच्या यात्रेला जाणार असाल तर म्हसवडवरून जा. गवळ्याचे पाय ज्या वाटेनं थकले तो मुलूख नजरेखालून घाला, आणि वाटेत कुणाच्या दावणीला चारा कमी दिसला तर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.