डावा कोपरा

कबड्डीच्या मैदानाभोवतीच्या गर्दीचे डोळे चढाईपटूवर असतात. तो मध्यरेषा ओलांडतो, मांडीवर थाप मारतो, कुणाला तरी पाय लावून पळत सुटतो आणि शिट्ट्या घुमतात. मी त्या वेळी डाव्या कोपऱ्यात वाकून उभ्या असलेल्या पोराचे गुडघे बघत असतो. गुडघे एकमेकांजवळ आले की समजावं, हा घाबरलाय. फार फाकले की समजावं, हा आता उतावळेपणा करून घुसणार. दोहोंच्या मधे बेतानं वाकून उभं राहण्याची एक तऱ्हा असते. आमच्या सांगोल्याच्या ज्या कॉलेजच्या संघाचा मी चाहता आहे, त्या संघात ती क्वचितच दिसते. तरी विद्यार्थी होतो तेव्हापासून आजवर मी त्याच संघाचा आहे, आणि त्या संघाचा बचाव तेव्हापासून आजवर फुटतोच आहे.

बचावाचं हे खूळ बहुधा पोथीतून आलं. ‘पांडवप्रताप’ लिहिणारे श्रीधरस्वामी आमच्याच तालुक्यातल्या नाझऱ्याचे, त्यामुळे चातुर्मासात घरी तीच पोथी लागायची. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. कबड्डीचं मूळ या कथेत शोधणारे पुष्कळ आहेत: एकटा आत शिरतो, सातजण त्याला घेरतात. इतिहास म्हणून त्यात दम नाही, पण चित्र मात्र चपखल बसतं. माझी अडचण अशी की मला त्या सातांचंच कुतूहल वाटायचं. ते अधर्मानं लढले, कबूल. पण कोण कुठे उभा होता? जयद्रथानं चार पांडवांना एकट्यानं दाराशी थोपवलं म्हणजे नेमकं काय केलं? हे विचारलं की आजोबा पोथीवरून नजर न काढता म्हणायचे, “गप बस, श्रवण कर.”

मग जत्रेतले सामने आले. महूद, जवळा, कोळे अशा गावांतून संघ यायचे. फक्कीनं आखलेल्या मैदानाला खाली मुरूम, वर चार पाट्या माती. जिंकणाऱ्याला ढाल, हरणाऱ्याला सोललेली कोपरं. तिथं मी पहिल्यांदा पकड नीट पाहिली. चढाईपटू परत फिरण्यासाठी पाय उचलतो, तेवढ्या निमिषात कोपऱ्यातला गडी त्याच्या घोट्यावर सूर मारतो. पण घोटा धरल्यानं पकड होत नसते. धरलेल्या माणसाला ओढत ओढत मध्यरेषेपर्यंत हात पोचवणारे पुष्कळ असतात. पकड होते ती शेजारचा मध्यरक्षक त्याच क्षणी त्याच्या अंगावर गेला तर. तो अर्धा श्वास उशिरा गेला की घोटाही सुटतो आणि तोही बाद होतो. बचावात एकानं केलेल्या चुकीला अशी दोघांची आहुती पडते. चढाईपटू चुकला तर एकटाच बाहेर जाऊन बसतो आणि पुढच्या गुणाला परत येतो.

कॉलेजात गेलो तेव्हा सोलापूरला विद्यापीठ नव्हतं, ते 2004 साली आलं. आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होतो. अंगानं मी किडकिडीत, संघात घेण्याजोगा नव्हतो, म्हणून मला गुणलेखक केलं. मिरजेकडे सामने असले की पंढरपूरहून येणारी नॅरो गेजची छोटी गाडी पकडायची. ती इतकी सावकाश चालायची की संघातली पोरं चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढायची, आणि आमचे सर याला व्यायाम म्हणायचे. समोर सांगली-कोल्हापूरकडचे दणकट संघ. पहिल्या अर्धात आम्ही बरोबरीत असायचो, कारण चढाई करणारा एक तरी चपळ पोरगा आमच्याकडे दरवर्षी असायचाच. दुसऱ्या अर्धात मात्र आमचं अंगण बघता बघता रिकामं व्हायचं. एक लोण, मग दुसरा. समोरचे फार भारी होते म्हणून नव्हे. आमच्या कोपऱ्याला आणि मध्यरक्षकाला एकमेकांचा अंदाजच नसायचा.

गुणलेखनाचा तो कागद मला तेव्हा अपुरा वाटायचा. चढाईपटूनं गुण आणला की त्याच्या क्रमांकापुढे खूण व्हायची. पकड झाली की गुण संघाचा. घोटा कोणी धरला, कोण वर पडला, कोण नुसता साखळीत हात धरून उभा राहिला आणि त्यानं वाट बंद केली, यातलं काहीच आमच्या त्या कागदावर उमटायचं नाही. मी शंभर पानी वहीत वेगळी टिपणं ठेवायला लागलो. संघातली पोरं हसायची. पुढे कधीतरी वाचलं की अमेरिकेत बास्केटबॉलच्या मोठ्या लीगलासुद्धा हे उशिरा सुचलं. एनबीएमध्ये चेंडू हिसकावणं आणि फेक अडवणं यांची अधिकृत नोंद 1973-74च्या मोसमापासून सुरू झाली. त्याआधी बिल रसेल नावाच्या बचावपटूनं 13 मोसमांत 11 अजिंक्यपदं जिंकून खेळ सोडलासुद्धा होता. त्यानं किती फेकी अडवल्या, हे अधिकृत कागदांत कुठेच नाही. मला माझ्या वहीचा उगीचच अभिमान वाटला.

आमचा बचाव का टिकत नाही, याची कारणं मी गोळा करत आलोय. मुरूम हे पहिलं. घोट्यावर सूर मारायचा तर अंग जमिनीवर टाकावं लागतं, आणि मुरमावर अंग टाकलेल्या पोराला रात्री कुशीवर झोपता येत नाही. म्हणून आमची मुलं उभ्या-उभ्या कंबर धरायला जायची. गावच्या जत्रेत ते खपतं. पुढे विद्यापीठाचे सामने मॅटवर होऊ लागले, तिथं अंग टाकायला भीती नसते आणि बूट घातलेला चढाईपटू कंबरेला हात लागेपर्यंत थांबत नाही. दुसरं कारण शेतीचं. कोरडवाहू तालुक्यानं डाळिंबावर संसार उभा केला; पण डाळिंब म्हणजे सारखी फवारणी, आणि तेल्या रोग बागेत आला की घरातलं एकही माणूस मोकळं राहत नाही. ऐन स्पर्धेच्या तोंडावर उजवा मध्यरक्षक पाठीवर पंप घेऊन बागेत असायचा.

पण खरं कारण घड्याळात आहे. चढाई एकट्याला शिकता येते. पोरगा आपल्या वस्तीवर, बांधावर, चुलत भावाला समोर उभं करून पाय टाकायचा सराव करू शकतो. असा तयार चढाईपटू अधूनमधून आयता कॉलेजात येतो. बचावाला मात्र सातजण एकाच जागी, एकाच वेळी, रोज लागतात. आमची मुलं चहूकडच्या खेड्यांतून येतात, तास संपतात, आणि पाचच्या पुढे गावाकडे जाणारी शेवटची गाडी लागते. गाडी वेळेवर सुटते हीच पंचाईत. सरावाला उरतात ते गावातले तिघे-चौघे. तिघांत साखळी होत नाही.

सांगोल्याच्या रविवारच्या जनावरांच्या बाजारात खिल्लार खोंड बघणारी जाणती माणसं एका खोंडावर भाळत नाहीत. त्याच्या जोडीला दुसरा कोण, दोघांची चाल एक आहे का, हे बघतात. डावा कोपरा आणि डावा मध्यरक्षक निवडताना तेच बघावं लागतं. दोघं एकेकटे चांगले असून उपयोग नाही. बैल तरी एका गोठ्यात बांधता येतात. कॉलेजातल्या मुलांना तीन वर्षं मिळतात. पहिलं वर्ष ओळखीत जातं, दुसऱ्यात जोडी जमते, तिसऱ्यात दोघांपैकी एकजण पोलीस भरतीच्या तयारीला लागतो किंवा चाकणच्या कारखान्यातून बोलावणं येतं. जमलेली जोडी मी पाहिली ती नेहमी अशी मोडायच्या बेतात असलेलीच.

माझा एक भाचा अमेरिकेत आयोवा राज्यात शिकायला होता. त्यानं मला तिथल्या ग्रिनेल नावाच्या छोट्या कॉलेजची गोष्ट सांगितली, कारण मामाला काय आवडेल हे त्याला माहीत. या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षकानं आमच्याच दुखण्यावर उलटा इलाज काढला: बचावात जीव घालवायचाच नाही. समोरच्याला पटकन गुण करू द्यायचे, चेंडू परत मिळवायचा, लांबून धडाधड फेका करायच्या, आणि दमायच्या आत पाचही खेळाडू बदलायचे. 20 नोव्हेंबर 2012 रोजी त्यांच्या जॅक टेलरनं एका सामन्यात एकट्यानं 138 गुण केले. 108 वेळा चेंडू टोपलीकडे फेकला, जपच म्हणायचा. ग्रिनेल 179-104 असं जिंकलं. भाचा उत्साहानं सांगत होता आणि माझं लक्ष भलतीकडेच गेलं. त्याच सामन्यात हरलेल्या संघातल्या एकानं 70 गुण केले होते. सत्तर! म्हणजे त्याला अडवायला कोणी गेलंच नव्हतं. हा इलाज हुशारीचा आहे, यात वाद नाही. पण असा संघ माझा असता तर मी मैदानावर गेलो नसतो. हरणारा बचाव बघवतो. सोडून दिलेला बघवत नाही.

2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि चढाई-पकडीचे वेगवेगळे आकडे घरोघरच्या टीव्हीवर दिसू लागले. माझ्या वहीतलं काम आता यंत्र करतं. तिथंही बाजारभाव ठरलेलाच: चढाईपटूनं दहा गुण केले की त्याचं कौतुक, बचावपटूनं पाच केले की. म्हणजे पकड दुप्पट अवघड, हे हिशेबानं तरी मान्य झालं. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेल्या अव्वल पकडीला एक गुण जादा मिळतो, हा मला त्या खेळातला सगळ्यात दयाळू नियम वाटतो. आमच्या संघाला त्याचा फायदा सर्वांत जास्त, कारण आमचे तीनच गडी अंगणात असण्याची वेळ फार लवकर येते.

इराणी पोरांनी मात्र आम्हाला ताळ्यावर आणलं. 1990 साली बीजिंगला आशियाई स्पर्धेत कबड्डी आली तेव्हापासून पुरुषांचं सुवर्ण भारताशिवाय दुसऱ्या कोणाला मिळालंच नव्हतं. 2018मध्ये जकार्त्यात उपांत्य सामन्यात इराणनं भारताला 27-18 असं हरवलं. आपल्या अख्ख्या संघाला अठराच गुण! सांगोल्याच्या चौकात त्या संध्याकाळी पंचांना, मॅटला, निवड समितीला, सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या. मी गप्प होतो. इराणच्या फजल अत्राचलीचा कोपरा बघितलेल्या माणसानं पंचांना काय म्हणून दोष द्यायचा? तो मूळचा कुस्तीगीर. पाय धरल्यावर पुढं काय करायचं, हे त्याला कबड्डीनं शिकवावं लागलं नाही. पुढे 2024च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून प्रो कबड्डीचं आपलं पहिलं अजिंक्यपद घेतलं, त्या संघाचा डावा कोपराही इराणचाच, मोहम्मदरेझा शादलू. त्या मोसमात सर्वांत जास्त पकडी त्याच्या. चौकातल्या मंडळींना कप्तान अस्लम इनामदारच्या चढाया आठवतात. आठवू देत.

एकाच माणसाला 11 वेळा आमदार करणाऱ्या तालुक्याला चिकाटी कोणी शिकवायला नको. माझीही चिकाटी यंदा जराशी फळाला आली. घेरडीकडच्या एका वस्तीवरचे दोन चुलत भाऊ संघात आले, एक डाव्या कोपऱ्याला, दुसरा त्याच्या शेजारी. थोरला तिसऱ्या वर्षाला, धाकटा पहिल्या. एकाच मोटारसायकलवर येतात, त्यामुळे शेवटच्या गाडीची भानगड नाही. जोडी कॉलेजनं जमवलेली नव्हे, घरूनच जमून आलेली. थोरल्यानं अंग टाकलं की धाकटा विचार न करता वर जातो. सोलापूरच्या सामन्यात तिघेच उरले असताना या दोघांनी लागोपाठ दोन अव्वल पकडी केल्या. मी गर्दीत असा ओरडलो की शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, “तुमचा पोरगा का?” मग उजव्या बाजूचे दोघे एकाच चढाईत गेले, आणि एका गुणानं सामना गेला. परतताना जीपमध्ये सगळे चढाईपटूच्या शेवटच्या उडीबद्दल बोलत होते.

थोरला आता पहाटे उठून 1600 मीटर धावतो, गोळा फेकतो. भरतीची तारीख लागली की तो जाणार. फिरायला गेलो की तो मला दिसतो. त्याची वेळ सुधारत चालली आहे हे घड्याळ न लावताही कळतं, आणि चाहता म्हणून त्या वेळी माझ्या मनात काय येतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. परवा धाकट्याला विचारलं, पुढल्या साली तुझ्या शेजारी कोण? म्हणाला, जुनोनीकडचा एक पोरगा आहे, हाताचा घट्ट आहे, पण त्याला गाडीला पळावं लागतं. म्हणून मी आगाराला द्यायचा एक अर्ज लिहायला घेतलाय, त्या बाजूची संध्याकाळची गाडी अर्धा तास उशिरा सोडावी असा. कारण काय लिहायचं यावर आमचं एकमत होत नाही. धाकटा म्हणतो, अभ्यासिका लिहा, साहेब लोक ऐकतात. मी म्हणतोय, पकडीचा सराव असंच लिहू; खाली वीस-पंचवीस सह्या आणतो.