तोंड वाकडे झाले, त्यात कर्म कुठले?

आज सव्वीस दिवस झाले, माझ्या चेहऱ्याची उजवी बाजू हलत नाही. चूळ भरताना पाणी ओठातून गळते. डोळा मिटत नाही. कपाळावर आठी पडत नाही.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी लगेच निदान केले. कोणी म्हणाले, अंगावरून वारे गेले. कोणी म्हणाले, "दादा, बाहेरचे आहे, उतारा टाका." एक शिकलेले गृहस्थ तर मागच्या जन्मीच्या कर्मापर्यंत पोहोचले. मी विचारले, हे कर्म नेमके एकाच नसेच्या वाटेने कसे गेले? ते गप्प झाले.

या आजाराला बेल्स पाल्सी म्हणतात. मेंदूतून निघणारी सातवी नस कानाजवळच्या हाडातील अरुंद बोगद्यातून चेहऱ्यावर येते. तिला सूज आली की ती तिथेच आवळली जाते आणि चेहऱ्याची ती बाजू लुळी पडते. मेंदूच्या झटक्यात बहुधा कपाळाला आठ्या घालता येतात, यात येत नाहीत. पण हा निवाडा घरी करू नका, तो डॉक्टरांचा आहे. मी त्याच दिवशी दवाखाना गाठला, कारण स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू व्हाव्या लागतात.

आता आकडे पाहा. स्कॉटलंडमधील अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांनी या गोळ्या घेतलेल्यांपैकी ९४ टक्के पूर्ण बरे झाले होते, न घेतलेल्यांपैकी ८२ टक्के. म्हणजे औषधाविनाही बहुतेक लोक बरे होतात. हेच तर भगताच्या धंद्याचे भांडवल आहे! नस आपोआप सुधारते, श्रेय गंडादोऱ्याला जाते. आणि शंभरातले जे बारा जण गोळ्यांनी वाचले असते, त्यांचे वाकडे राहिलेले तोंड त्यांच्या नशिबाच्या खात्यावर टाकले जाते. रोजंदारी बुडेल म्हणून दवाखाना टाळणाऱ्या माणसाला हा हिशेब कोण सांगणार?

रात्री डोळ्यावर पट्टी चिकटवून झोपतो, दिवसा थेंब घालतो, नाहीतर बुबुळ कोरडे पडून जखम होते. घास गालात अडकतो. प, ब, भ, म ही अक्षरे ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. 'जय भीम' म्हणायला उजवा ओठ बोटाने धरावा लागतो. "बरे होईपर्यंत भाषण नको," असे काही कार्यकर्ते प्रेमाने म्हणाले. मी मागच्या रविवारी सभेत बोललो. काही पोरे हसली. हसू द्या. बाबासाहेबांनी आपल्याला बोलायला शिकवले ते चेहरा पाहून नव्हे.

बहुतेकांना तीन आठवड्यांच्या आत पहिली हालचाल दिसते. माझे तीन आठवडे उलटून गेले. भीती वाटते, खोटे कशाला बोलू? उरलेल्यांना काही महिने थांबावे लागते आणि काहींच्या चेहऱ्यात थोडा दोष कायम राहतो, हेही मला ठाऊक आहे. तरी माझी आशा या आकड्यांवर उभी आहे, उताऱ्याच्या लिंबावर नाही.

तुमच्या घरात कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, तर आधी दवाखाना गाठा. सल्ले देणारे नंतरही भेटतील, ते तीन दिवस परत मिळणार नाहीत.

जय भीम!