गाढवांचा पूल

जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे नववीच्या मुलांचे पालक एकेक करून भेटावयास येतात, आणि त्यांतील पुष्कळांचें मागणें एकच असतें. "सर, ह्याच्याकडून फारशी अपेक्षा नाहीं. गणितांत ३५ गुण मिळाले तरी आम्ही भरून पावलों." मुलगा शेजारींच उभा असतो. तो मान खालीं घालून हें ऐकतो, आणि आपल्या वांट्याला एवढेंच आलें आहे असें त्या दिवसापासून मनाशीं धरून चालतो. पालकांचा हेतु प्रेमाचा असतो ह्यांत मला शंका नाहीं. परंतु वीस वर्षें फळ्यापुढें उभा राहिल्यावर मला असें वाटतें कीं, रागापेक्षां ही दयाच मुलाचें अधिक नुकसान करते.

भूमितींत एक जुना सिद्धांत आहे. युक्लिडाच्या पहिल्या पुस्तकांत तो पांचवा येतो. समद्विभुज त्रिकोणाच्या समान बाजूंसमोरील कोन समान असतात, एवढाच त्याचा आशय. युरोपांतील जुन्या पाठशाळांत ह्याला 'गाढवांचा पूल' म्हणत. ज्याला हा ओलांडतां येत नाहीं त्यानें पुढच्या भूमितीची आशा सोडावी, असा त्या नांवाचा रोख. हें नांव ठेवणारा बहुधा शिक्षकच असला पाहिजे! वर्गाचे दोन भाग पाडून एका भागाला निरोप देण्याची इतकी सोयीची युक्ति दुसऱ्या कोणास सुचणार?

माझ्या वर्गांत हा पूल सर्वांनीं ओलांडावयाचा असतो. मी प्रश्न आधीं सर्व वर्गाला घालतों आणि नांव मागाहून घेतों. कारण नांव आधीं घेतलें कीं बाकीचीं मुलें सुखानें श्वास सोडतात. "समजलें का?" असें तर मी विचारीतच नाहीं. त्याला सारा वर्ग एकमुखानें "हो, सर" म्हणतो, आणि त्या 'हो'चा अर्थ 'तास संपूं द्या' एवढाच असतो. त्यापेक्षां प्रत्येकानें पुढची पायरी वहींत लिहून दाखविलेली बरी. कोणी "येत नाहीं" म्हणाला तर त्याला खालीं बसवून मी विसरत नाहीं. दुसऱ्याचें उत्तर त्याला ऐकवितों, पुन्हां त्याच्याकडेच येतों, आणि तें उत्तर कारणासहित त्याच्या तोंडून ऐकल्यावांचून पुढें सरकत नाहीं. ह्यांत वेळ जातो, हें खरें.

वेळेविषयीं एक गोष्ट पालकांनींही जाणून घेण्यासारखी आहे. मेरी बड रो नांवाच्या अमेरिकन विदुषीनें वर्गांतील संभाषणें ध्वनिमुद्रित करून तपासलीं आणि १९७४ सालीं आपले निष्कर्ष मांडले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीनें सुमारें १ सेकंदच थांबतात, असें तिला आढळलें. त्यांतही ज्यांना ते हुशार समजतात त्यांच्यासाठीं अधिक, आणि कच्च्या समजलेल्यांसाठीं कमी! हाच अवकाश ३ सेकंदांपर्यंत वाढविला तेव्हां उत्तरें लांबलीं, आणि गप्प बसणारीं मुलेंही बोलूं लागलीं.

कांहीं वर्षांपूर्वीं मागच्या बाकावर एक मुलगी बसत असे. तिचे वडील शिंपीकाम करीत. नववीनंतर तिला शाळेंतून काढून घरच्या मशीनवर बसवावें असें जवळजवळ ठरलेंच होतें, आणि तिलाही तें ठाऊक होतें. पाठ्यपुस्तकांत ह्या सिद्धांतासाठीं शिरःकोनाचा दुभाजक काढून दोन त्रिकोण करतात आणि 'बाकोबा' कसोटीनें ते एकरूप ठरवितात. (बाजू, कोन, बाजू ह्यांचें हें संक्षिप्त रूप. मुलांना तें एखाद्या ग्रामदैवताचें नांव वाटतें आणि दरवर्षीं वर्ग हंसतो.) दुभाजक कशाला हवा, असें मीं विचारलें आणि तिचें नांव घेतलें. ती उभी राहिली. पण शब्द नाहीं. मी थांबलों. पुढच्या बाकांवर चुळबूळ सुरू झाली. एक जण उत्तर कुजबुजूं लागला, त्याला मीं नजरेनेंच गप्प केलें. मग ती हळूच म्हणाली, "सर, दुभाजक नकोच. हेंच कापड उलटें करून ह्याच्यावर ठेवलें तरी बरोबर बसेल."

वर्ग हंसला. "कोणतें कापड कशावर, तें फळ्यावर लिही," असें मीं सांगितलें. तिनें लिहिलें: त्रिकोण अबक आणि त्रिकोण अकब. अब बरोबर अक. येथें ती अडली, पण खडू मीं तिच्या हातांतून घेतला नाहीं. अक बरोबर अब. मधला कोन अ दोहोंत तोच. त्रिकोण आपल्याच उलट्या रूपाशीं एकरूप झाला. म्हणून कोन ब आणि कोन क समान! दुभाजकाची गरजच उरली नाहीं. हीच सिद्धता अलेक्झांड्रियाच्या पॅपस नामक गणितज्ञाच्या नांवावर आहे, आणि तो चौथ्या शतकांतला. हें मीं सांगितलें तेव्हां हंसणारे गप्प झाले.

ती मुलगी दहावी झाली. गणितांत तिला ६४ गुण मिळाले. वर्तमानपत्रांत छापण्याजोगी ही गोष्ट नव्हे. परंतु तिच्या वडिलांनीं निकालपत्र दोनदां वाचलें आणि "आतां पुढें काय शिकतात, सर?" असें मला विचारलें.

नुसती मोठी अपेक्षा बाळगून मात्र कांहींच होत नाहीं. हाइमे एस्कालांते ह्या बोलिव्हियांत जन्मलेल्या शिक्षकानें लॉस एंजलिसच्या गारफील्ड हायस्कुलांत गरीब वस्तींतील मुलांना कलनशास्त्र शिकविलें. १९८२ सालीं त्याचे १८ विद्यार्थी अवघड परीक्षेंत उत्तीर्ण झाले. परीक्षा घेणाऱ्यांना १४ जणांचा संशय आला; त्यांपैकीं १२ जण पुन्हां परीक्षेस बसले आणि सर्वच उत्तीर्ण झाले. १९८८ सालीं निघालेला चित्रपट पाहून ही एका वर्षाची जादू वाटते. परंतु एस्कालांते तेथें १९७४ पासून होता, आणि खालच्या वर्गांतील बीजगणित पक्कें करण्यांत त्याचीं पुष्कळ वर्षें गेलीं होतीं.

पालकांस माझी एक विनंति आहे. रात्रीं जेवणानंतर, मोबाइल बाजूला ठेवून, दिवसाचें एक उदाहरण मुलाला आपणांस समजावून सांगावयास लावावें. आपणांस गणित येत नसेल तर अधिकच उत्तम, मग "असें कां?" हें आपण मनापासून विचाराल. तो अडला तर थोडें थांबावें.

येत्या जूनमध्यें नवी नववी माझ्या हातीं येईल. आठवींतील दोघे मागच्या बाकावरचे गडी आतांपासूनच व्हरांड्यांत माझी नजर चुकवूं लागले आहेत. त्यांचीं नांवें मीं नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेविलीं आहेत.