केडगाव ते सोलापूर : दुष्काळाच्या मुलखातली आशा

पुण्याहून सोलापूरला निघालेली गाडी दौंड सोडून भिगवणकडे सरकते तेव्हा उजनी धरणाचा फुगवटा जवळ येतो, आणि पुढे कुर्डुवाडी, माढा, मोहोळपर्यंत उसाचे फड अधूनमधून साथ करतात. हे हिरवेपण धरणानंतरचे. 1860 मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली त्या काळी हा मुलूख पावसाच्या मर्जीवर जगत होता. 1876 ते 1878, 1896-97 आणि 1899-1900 या दुष्काळांनी त्याचे कंबरडे मोडले. माणसे सरकारी कामांवर खडी फोडायला गेली. 1877 मध्ये ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी मजुराच्या धान्याचा हिशेब दिवसाला एक पौंडावर आणला, तेव्हा दख्खनमधल्या हजारोंनी ती कामेही सोडली. याच मुलखात मराठी ख्रिस्ती समाज वाढला, म्हणून एक आक्षेप तेव्हापासून ऐकू येतो: ही श्रद्धा भाकरीच्या मोबदल्यात आलेली आहे. आक्षेप हलका नाही. मिशनच्या दारात पोचलेल्या अनाथ मुलीला धर्म निवडायची मुभा कुठे होती? पण भाकरीने फार तर डोकी वाढतात. पाऊसपाणी सुधारल्यावरही जी आशा टिकते, तिचा उगम त्या आक्षेपातून कळत नाही.

तो शोधायला दौंडच्या अलीकडचे केडगाव पाहावे. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन इथले. रमाबाईंचे आईवडील 1874 मध्ये, अन्नान्न दशेत, एकापाठोपाठ गेले. भुकेनेच माणूस ख्रिस्ताकडे वळत असेल, तर त्यांनी तेव्हाच वळायला हवे होते. बाप्तिस्मा झाला 1883 मध्ये, इंग्लंडातल्या वाँटेज इथे; आणि मनाला खरी शांती त्यानंतरही आठेक वर्षांनी मिळाली, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. बाप्तिस्म्याआधीच भाऊ गेला, पती कॉलऱ्याने गेला. विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनातल्या धर्मांतरांवरून 1893 मध्ये पुण्यात वादळ उठले आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. इतके होऊनही 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो पुढचा: आधी आसरा मिळालेल्यांनीच नव्या आलेल्यांची शुश्रूषा केली, त्यांना शिकवले. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्या दुःखातही रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. साध्या बायकांना कळेल अशा भाषेतले ते काम संपवूनच 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. या वर्षांचा खुलासा धान्याच्या पोत्याने होत नाही.

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशन 1860 च्या दशकात आले. लॉरिन गेट्स आणि त्यांच्या पत्नीने इथे दीर्घकाळ काम केले, दुष्काळातली अनाथ मुले सांभाळली. शतक बदलताना मेरी हार्डिंग यांनी लहान मुलांसाठी किंडरगार्टन काढले. पुढे तिथे शिक्षिकाही घडू लागल्या. मुलींसाठी वोरोनोको शाळा उभी राहिली. धर्म दुखणाऱ्याला गुंगी देतो, असा दुसरा आक्षेप असतो. मग हाडे वर आलेल्या पोरांना खेळ आणि गाणी शिकवायची, त्यातल्या मुलींना उद्याच्या शिक्षिका म्हणून तयार करायचे, या खटाटोपाला काय म्हणायचे? गुंगीतला माणूस तीस वर्षांपुढचा विचार करत नाही.

या शहरातच उलटी साक्षही आहे, आणि ती झाकू नये. सेटलमेंट फ्री कॉलनी हे इथल्या वस्तीचे नाव गुन्हेगार जमाती कायद्याखालच्या कोंडवाड्याची आठवण वागवते. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेली कुटुंबे तारेच्या कुंपणात राहत, हजेरी देत, गिरण्यांत राबत. मिशननेही त्या कारभारात काही काळ हात घातला. शाळा चालवल्या, हे खरे. पण कुंपण अन्यायाचेच होते, आणि 1952 मध्ये देशभर तो कायदा रद्द झाला तो मिशनमुळे नव्हे. तरीही संस्थेच्या चुकीवरून श्रद्धा खोटी ठरत नाही. दुःख का येते, याचे पटेल असे उत्तर ख्रिस्ती विश्वासाकडे नाही; त्याच्या मध्यभागी आहे तो राज्यसत्तेने गुन्हेगार ठरवून मारलेला, क्रूसावर तहानेने व्याकुळ झालेला माणूस. हा देव कुंपणाच्या आतल्यांचा आहे. कुंपणाच्या दारावर उभ्या राहिलेल्या मिशनचा न्यायनिवाडा करायलाही तीच मूर्ती पुरेशी आहे.

उरतो परकेपणाचा आक्षेप: ही श्रद्धा परदेशातून आलेली आहे. पण अभंगांच्या वारकरी परंपरेचे पंढरपूर याच जिल्ह्यात. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि भजनांत आणली, आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्या त्या रचना आजही उपासनेत गातात. दुःखात देवाशी भांडायची, त्याला माय म्हणून हाक मारायची रीत टिळकांनी ज्ञानोबा-तुकोबांकडून घेतली. ती कोणत्याही जहाजातून आलेली नव्हती.