चार संघांचा सौदा

उन्हाळ्याच्या सुटीत माझे मामा बोस्टनहून बेळगावला आले, म्हणजे आमच्या माडीवर रात्री उशिरापर्यंत खेळांच्या गप्पा रंगतात. मामांना तिकडे राहून पंचवीसहून अधिक वर्षे झाली. त्यांचे क्रिकेटवरील प्रेम उणावले नाही. परंतु त्याच्या शेजारी बेसबॉलनेही ठाण मांडले आहे. यंदा मी सहज विचारले, "मामा, तुमच्याकडे संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात म्हणे. ती कशी?" त्या एका प्रश्नाने आमच्या दोन रात्री खाल्ल्या. प्रश्न सहज होता असे म्हणालो खरा. पण तो तितका सहज नव्हता. त्याचे कारण पुढे येईलच.

अमेरिकेत करारबद्ध खेळाडूला त्याचा संघ परस्पर दुसऱ्या संघाकडे धाडू शकतो. करारात तसे कलम असेल, किंवा त्याने वरच्या श्रेणीत दहा वर्षे आणि त्यांतील अखेरची पाच एकाच संघात काढली असतील, तरच त्याला नकाराचा हक्क असतो. नोमार गार्सियापारा याची दहा वर्षे भरली नव्हती. तो १९९६ पासून बोस्टनच्या रेड सॉक्स संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. १९९९ व २००० अशी लागोपाठ दोन वर्षे आपल्या लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीत तो पहिला होता. मुले त्याच्या नावाचे सदरे घालून हिंडत. मात्र २००४ च्या हंगामाच्या आरंभी टाचेच्या दुखण्याने तो दोन महिने बाहेर बसला.

त्याच वर्षी ३१ जुलै रोजी, अदलाबदलीची मुदत संपता संपता, चार संघांनी मिळून आठ खेळाडू हलविले. नोमार आणि मॅट मर्टन हा नवोदित शिकागो कब्जकडे गेले. बोस्टनला मॉन्ट्रियल एक्स्पोजचा ओरलांडो काब्रेरा आणि मिनेसोटा ट्विन्सचा डग मिंटकेविच मिळाले. दोघेही झेल आणि अडवणूक यांत पक्के. शिकागोचे तिघे मॉन्ट्रियलला व एक तरुण गोलंदाज मिनेसोटाला गेला. गंमत अशी, की त्या दिवशी बोस्टनचा संघ मिनेसोटातच खेळावयास आला होता. मिंटकेविचने एका खोलीतून सामान उचलले व त्याच मैदानावरील दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवले!

"फायदा कोणाचा, याबद्दल वाद तो काय?" मामा म्हणाले. "शहाऐंशी वर्षांनी, १९१८ नंतर प्रथमच, बोस्टन जिंकले. अखेरचा गडी बाद झाला तेव्हा चेंडू मिंटकेविचच्याच हातात होता."

मी म्हटले, "पण मामा, यांकीजविरुद्ध तीन सामने हरल्यावर चौथ्यात जो बेस चोरून डाव फिरला, तो चोरणारा डेव्ह रॉबर्ट्स या सौद्यातला नव्हताच."

"अरे, तोही त्याच दिवशी आला!"

"दुसऱ्या सौद्यात."

मामा हसले, पण हटले नाहीत. माझा कौल मिनेसोटाला होता. त्यांना मिळालेला गोलंदाज वरच्या श्रेणीत कधीच खेळला नाही, हे कबूल. परंतु मिंटकेविच गेल्याने पहिला बेस जस्टिन मॉर्नोसाठी मोकळा झाला, आणि २००६ साली तोच आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. याउलट काब्रेरा व मिंटकेविच यांनी विजयानंतरच्या हिवाळ्यातच बोस्टन सोडले. मॉन्ट्रियलची कथा तर संपलीच. २००५ मध्ये तो संघ उठून वॉशिंग्टनला गेला. शिकागोच्या हाती त्या वर्षी काहीच लागले नाही. मर्टनचे नाव गाजले ते पुढे २०१० मध्ये जपानात, एका हंगामातील २१४ फटक्यांच्या विक्रमाने. आणखी एक मौज: बोस्टनसाठी हा सौदा करणारे थिओ एपस्टाइन तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. शिकागोने १०८ वर्षांनी २०१६ मध्ये अजिंक्यपद मिळविले, तेव्हा त्या संघाची सूत्रे त्यांच्याच हाती होती.

"आणि नोमारला काय मिळाले?" मी विचारले. मामा थोडा वेळ गप्प राहिले.

आता माझे कारण सांगतो. गेल्या वर्षी आमच्या शाळेत खो-खोच्या चार गटांना खेळाडू कमी-जास्त पडले, म्हणून कर्णधारांना आपसांत अदलाबदल करण्याची मुभा मिळाली. मी एका गटाचा कर्णधार होतो. माझ्या जिवलग मित्राइतका वेगवान पाठलाग करणारा गडी शाळेत नव्हता. पण दिवाळीत त्याचा गुडघा दुखावला होता. मी त्याला देऊन दोन गटांतून दोन चपळ पळते गडी घेतले. ढाल आम्ही जिंकली. त्याला मात्र ही बातमी फलकावर वाचून कळली. आम्ही दोघे पाचवीपासून एका बाकावर बसत होतो; त्या दिवसानंतर तो मागच्या बाकावर बसू लागला. सौदा चुकला असे मला अजूनही वाटत नाही, आणि हेच मला अधिक टोचते.

दुसऱ्या रात्री मामांनी सांगितले, की मार्च २०१० मध्ये नोमारने बोस्टनशी एका दिवसाचा करार केला आणि त्याच संघाचा खेळाडू म्हणून निवृत्ती घेतली.

शाळा उघडल्यावर मी मित्राच्या घरी गेलो. तो अंगणात सायकल पुसत होता. "यंदा आमच्या गटातून खेळशील का?" मी विचारले.

"सरांना विचारलेस?"

"नाही. आधी तुलाच विचारतो आहे."

त्याने चाक एकदा गरकन फिरविले, आरे पाहिले आणि म्हणाला, "गुडघा बरा आहे आता. बघू."