गुदैबियातली आमची शाखा

अश्दोदला किंवा लोदला आपल्या कदूरी शाळेची जुनी मंडळी जमली म्हणजे शेजाऱ्यांकडून खुर्च्या मागून आणाव्या लागतात, असे तिकडून कळते. आमच्या इथे, बहरेनच्या मनामा शहरातल्या गुदैबिया भागात, माजी विद्यार्थ्यांची जी शाखा आहे तिला दोन खुर्च्या पुरतात. अध्यक्ष व चिटणीस एकाच घरात राहतात, एकाच ताटलीतली भजी खातात, आणि मागील सभेचा वृत्तांत भांडणाशिवाय कधी मंजूर होत नाही. आम्ही नवराबायको दोघेही माझगावच्या सर एली कदूरी हायस्कूलची मुले. एक जुन्या अकरावीच्या एस.एस.सी.चा, दुसरी नव्या दहावीची. मुलाची नोकरी इथे आहे म्हणून अजून इथेच आहोत.

१९८२ साली आम्ही आलो तेव्हा शाखेत सात जण होते. सर्वांत वडील दादा अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात, एक ताई दवाखान्यात नर्स, बाकीचे हिशेबनीस आणि कारकून. सभा शुक्रवारी भरे, कारण सुट्टी शुक्रवारची. शनिवारी कामावर जावेच लागे. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांतून आपले वाडवडील शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची ही लेकरे शनिवारी सकाळी सात वाजता हजेरीच्या वहीत सही करीत. दादा सही डाव्या हाताने करायचे. म्हणायचे, "देवाने विचारले तर सांगेन, ही माझी सही नव्हे." सरकारने २००६ साली सुट्टी शुक्रवार-शनिवार केली, तोपर्यंत दादा निवृत्त होऊन ठाण्याला परतले होते.

आम्ही कोण, हे त्या काळी कोणी विचारीत नसे आणि आम्ही सांगत नसू. भीती होती असे म्हणणे जास्त होईल, नव्हती म्हणणे खोटे होईल. मनाम्याच्या बाजारात एक जुने सिनेगॉग बंद पडून होते, १९४७ च्या डिसेंबरात दंगलीत त्याची नासधूस झालेली. आम्ही त्याच्यावरून जाताना चाल बदलत नसू एवढेच. आपसात बोलताना मात्र फजिती होई. आपण आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणत आलो. "नव्याच्या सणाला मशिदीत किती गर्दी असायची!" असे ताई एकदा बसमध्ये मोठ्याने बोलून गेल्या, तेव्हा पुढच्या बाकावरच्या मालवणकडच्या एका मुसलमान गृहस्थाने वळून विचारले, "कुठली मशीद, ताई?" ताई म्हणाल्या, "मांडवीची जुनी." खोटे काहीच नव्हते. शार हारहमीमला जुनी मशीद म्हणतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

शाळेचेही तसेच. दिमोनाला आणि बेरशेबाला गेलेल्या वर्गमित्रांची पत्रे आम्हाला मुंबईमार्गे येत. चिटणिसांची बहीण जुने पाकीट फाडून नवे घाली. कोणी विचारले तर आम्ही "माझगावची एक शाळा" म्हणून थांबत असू. एकदा मात्र बाजारातल्या एका म्हाताऱ्या कापडवाल्यापुढे अध्यक्षांच्या तोंडून नाव निघून गेले. "खदूरी?" तो म्हणाला, "हे तर बगदादचे नाव." बरोबरच होते, सर एली कदूरी जन्माने बगदादचे. त्याने पुढे विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. कापड मात्र वारामागे पन्नास फिल्स कमी लावले. तो स्वतः कोण होता, यावर चिटणीस आणि अध्यक्ष यांच्यात आजतागायत मतभेद आहेत.

१५ सप्टेंबर २०२० रोजी बहरेनने इस्राएलशी करार केला. पुढच्या वर्षी बाजारातले सिनेगॉग दुरुस्त होऊन तिथे पुन्हा प्रार्थना झाली. आम्ही आमच्या परीने एक गोष्ट केली: ट्रंकेच्या तळाशी असलेला वर्गाचा फोटो भिंतीवर लावला. खाली बसलेल्या मुलाच्या हातात पाटी, पाटीवर खडूने शाळेचे पूर्ण नाव.

आता वार्ता. दादा तीन वर्षांपूर्वी ठाण्याला वारले. ताई नातवंडांजवळ अश्दोदला आहेत, गुडघे दुखतात, बाकी खणखणीत. दोघे टोरांटोला गेले, ते सणाला फोन करतात. एकाचा पत्ता लागत नाही.

मागे राहिला तो फंड. दर सभेला माणशी पाचशे फिल्स निडोच्या डब्यात टाकायचे, असा दादांचा दंडक होता. जाताना कोणी आपला वाटा मागितला नाही. २०२५ साली शाळेला दीडशे वर्षे झाली, तेव्हा चिटणिसांनी डबा उघडला आणि पैसे शाळेला पाठवावेत असा ठराव मांडला. अध्यक्षांनी विरोध केला. "पाठवायचे कोणासाठी? तिथे आता सगळी इतरांची मुले. आपली मुले आहेत कुठे?" चिटणीस म्हणाल्या, हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली शाळा काढली ती आपली मुले शिकावीत म्हणून, हे खरे, पण रेबेका रूबेन बाईंनी १९२२ पासून १९५० पर्यंत ती चालवली म्हणून आपल्या आया शिकल्या, आणि ते देणे शाळेचे आहे, मुलांचे नव्हे. अध्यक्ष म्हणाले, देणे माणसांचे असते, भिंतींचे नसते. तीन शुक्रवार सभा तहकूब. चौथ्या शुक्रवारी भजीसुद्धा झाली नाहीत.

कपडे इस्त्रीला नेणारा एक मुलगा आमच्याकडे येतो. मुंबईचाच आहे एवढे ठाऊक होते. त्या दिवशी दारात उभा राहून तो भिंतीकडे बघतच राहिला. "ये तो हमारी गुड़िया का स्कूल है." गुडिया म्हणजे त्याची मुलगी, सातवीतली, घर माझगावलाच, शाळेपासून चालत जाण्याइतके. मग त्याने सहज विचारले, "आप लोग कौन?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न आम्हाला इतक्या सरळ कोणी विचारला नव्हता. अध्यक्ष म्हणाले, "यहुदी. बेने इस्राएल."

"हाँ हाँ," तो म्हणाला, "गुड़िया बोलती है, पुराने यहूदी लोगों का स्कूल है." आणि लगेच, "शर्ट कितने हैं?"

शर्ट सहा होते. तो गेल्यावर आम्ही दोघे बराच वेळ बोललो नाही. मग अध्यक्ष उठले, डबा खाली घेतला आणि नाणी मोजायला बसले. जुन्या नोटा चालतील का, यावरून थोडा वाद झाला. एकंदर ३१४ दिनार आणि काही फिल्स भरले.

रक्कम दादांच्या नावाने पाठवावी, असा ठराव एकमताने मंजूर झाला. पावती ताईंना अश्दोदला पाठवायची आहे. फंडात सर्वांत जास्त नाणी त्यांचीच. डबा घासून उन्हात ठेवला आहे, पुढची सभा शुक्रवारी.