उत्तम शुक्रवार : एका नामाचा अर्थविचार

जयपूर शहरातील ‘सिविल लाइंस’ ही वस्ती आपल्या नावाचा मूळ अर्थ केव्हाच विसरून गेली आहे. लष्करी छावणीपासून वेगळी राखलेली, मुलकी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची रांग, एवढाच त्या इंग्रजी शब्दांचा अर्थ. आज तेथे राजस्थानच्या मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान आहे, आणि २०१५ साली सुरू झालेल्या मेट्रोचे एक स्थानकही त्याच नावाने ओळखले जाते. ते नाव उच्चारताना मुलकी आणि लष्करी हा भेद कोणाला आठवत नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडतही नाही. परंतु नावाच्या अर्थाचे विस्मरण सर्वत्रच असे निरुपद्रवी असते, असे नाही.

मार्च-एप्रिलच्या सुमारास एका शुक्रवारी येथील सरकारी कचेऱ्या बंद असतात. सुट्ट्यांच्या हिंदी यादीत त्या दिवसापुढे ‘गुड फ्राइडे’ असे छापलेले असते. ‘गुड’ म्हणजे चांगले, आणि जे चांगले त्याबद्दल अभिनंदन करावे, या सरळ न्यायाने एखादा सज्जन शेजारी ख्रिस्ती कुटुंबाला शुभेच्छा देतो. ते कुटुंब अहमदनगरकडून नोकरीनिमित्त आलेले असो की केरळातून, त्या दिवशी त्या घरी उपवास असतो, येशूच्या मृत्यूचे स्मरण असते. देणाऱ्याच्या मनात किंतु नसतो, घेणाऱ्याला मात्र काय उत्तर द्यावे हे सुचत नाही. या अवघडलेपणाचे मूळ एका विशेषणात आहे.

‘गुड’ हे ‘गॉड’चे अपभ्रष्ट रूप असावे, म्हणजे हा ‘देवाचा शुक्रवार’ असावा, अशी एक व्युत्पत्ती पुष्कळदा सांगितली जाते. ‘गुडबाय’ या शब्दात देवाचे नाव खरोखरच दडलेले असल्यामुळे ती पटण्याजोगीही वाटते. परंतु भाषेच्या इतिहासात तिला आधार सापडत नाही. जुन्या इंग्रजीत या दिवसाला ‘लांब शुक्रवार’ म्हणत, आणि डॅनिश भाषेत तो आजही ‘लांगफ्रेदाग’ आहे. ‘गुड’ हे विशेषण इ. स. १२९०च्या सुमारास संतचरित्रांच्या एका इंग्रजी संग्रहात या दिवसाला जोडलेले आढळते. त्या काळच्या भाषेत ‘गुड’ या शब्दाला ‘पवित्र’, ‘धर्माने पाळावयाचा’ असाही अर्थ होता. ईस्टरपूर्वीच्या बुधवारालाही ‘गुड’ म्हणत. पुढे तो अर्थ भाषेतून लोपला आणि विशेषण तेवढे या एका शुक्रवाराला चिकटून राहिले.

अन्य भाषांनी या दिवसाची निरनिराळी अंगे पाहिली आहेत. लॅटिन उपासनाग्रंथांत तो दीर्घकाळ ‘तयारीचा सहावा वार’ होता, कारण यहुद्यांच्या शब्बाथाची तयारी त्या दिवशी होत असे. जर्मन भाषेतील ‘कारफ्रायटाग’मध्ये विलाप आहे, ग्रीक भाषेने त्याला ‘महान’ म्हटले, आणि पोर्तुगीज भाषेने ‘पवित्र’. आपल्याकडे मलयाळम्‌मध्ये तो ‘दुःखवेळ्ळी’, म्हणजे दुःखाचा शुक्रवार आहे, तर तमिळमध्ये ‘पेरिय वेळ्ळी’, म्हणजे मोठा शुक्रवार. बंगालीत आणि हिंदीत ‘पुण्य शुक्रवार’ असा प्रयोग आढळतो, आणि हिंदीत ‘शुभ शुक्रवार’ असाही. एकाच घटनेकडे कोणी शोकाच्या बाजूने पाहिले, कोणी माहात्म्याच्या, कोणी फलश्रुतीच्या.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रूढ झालेले नाव ‘उत्तम शुक्रवार’ असे आहे. हे ‘गुड’चे सरळ भाषांतर होय. एरवी मराठी ख्रिस्ती परिभाषेने मोठे स्वातंत्र्य घेतलेले दिसते. यहुद्यांच्या ‘पेसह’ या सणाला तिने ‘वल्हांडण’ हा शब्द घडवला, आणि शेजारच्या हिंदीने ‘क्रूस’ हा शब्द जसाच्या तसा ठेवला असताना, मराठीने ‘वधस्तंभ’ म्हणून त्या लाकडाचे प्रयोजन उघड सांगितले. त्याही पूर्वी, १६१६ साली, मूळचा इंग्रज असलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने गोव्यातील राचोल येथून ‘क्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध केले आणि ख्रिस्ताच्या दुःखभोगाची कथा ओवीत आणली. मायदेशातील ‘गुड’ आणि पोर्तुगीजांचे ‘सांता’ या दोन्ही विशेषणांच्या मध्ये हा कवी उभा होता.

‘उत्तम’ या शब्दाने मूळ इंग्रजी शब्दाचा आजचा अर्थ उचलला, जुना नव्हे. तो जुना अर्थ मराठीत आणावयाचा तर त्यासाठी मराठी मनात एक जागा आधीच सिद्ध होती. आपण मृत्युदिनाला ‘पुण्यतिथी’ म्हणतो. येथे ‘पुण्य’ हे ‘नारळ वाढवणे’ किंवा ‘बांगडी वाढवणे’ यांतल्यासारखे, अशुभ टाळण्यासाठी योजलेले गोड बोलणे नव्हे. ज्याच्या जाण्याने तो दिवस पावन झाला, त्याची ती तिथी होय. फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकाराम बीज येते. देहूस लोटणारा समुदाय तो दिवस उत्सवासारखा पाळतो, आणि तरीही त्याबद्दल कोणी कोणाचे अभिनंदन करीत नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आपल्याला तुकोबांनीच ख्रिस्ताकडे पोचवले असे मानीत. त्यांच्यासारख्याला या शब्दातील सूक्ष्म भाव समजावून सांगावा लागला नसता.

मग ‘पुण्य’ का स्वीकारले गेले नाही? यावर एक अनुमान करता येते. ‘पुण्य’ या शब्दामागे कर्माने जोडलेल्या संचिताची कल्पना उभी असते, तर प्रॉटेस्टंट शिकवणीचा भर तारण हे कर्माने मिळत नाही, ते कृपेने मिळते, यावर आहे. तसे असेल तर एका गैरसमजातून सुटण्यासाठी दुसरा पत्करला गेला, असे म्हणावे लागेल. कारण ‘उत्तम’ म्हणताच, निरपराध माणसाला खिळे ठोकण्यात उत्तम ते काय, हा प्रश्न उरतोच. त्याला श्रद्धावंताचे उत्तर असे, की कृत्य उत्तम नव्हते, त्यातून जे निष्पन्न झाले ते उत्तम होते. हे उत्तर नावातून आपोआप मिळत नाही. ते दरवर्षी, वधस्तंभावरील सात उद्गारांवरच्या चिंतनातून, नव्याने शोधावे लागते.

शब्दाने जखम होते, हे या दिवसाच्या उपासनेलाही एकदा मान्य करावे लागले आहे. या शुक्रवारच्या रोमन प्रार्थनेत यहुद्यांसाठी शतकानुशतके एक अवमानकारक विशेषण उच्चारले जात असे. १९५९ साली तेविसाव्या जॉन पोपने ते काढून टाकले. प्रार्थना राहिली, विशेषण गेले. या शुक्रवाराच्या नावातले विशेषण आता काढता येणार नाही, कारण ते रूढ झाले आहे. परंतु त्याचा अर्थ परत मिळवता येतो. कॅथलिक चर्चमध्ये वर्षभर चालणारी मिस्सा त्या दिवशी होत नाही, आणि ही रिकामी जागाच त्या दिवसाचे भाष्य असते. शेजाऱ्यालाही तेवढे कळले तरी पुरे. पुण्यतिथीच्या घरी आपण जसे जातो, फारसे न बोलता, थोडा वेळ बसून, तसेच या दिवशी जावे. अभिनंदनाचा दिवस त्यानंतरच्या रविवारी आहेच.